हौद्याचे अस्तर : घरी करावे की करवून घ्यावे?

नाशिक जिल्ह्यात कांदा फार पिकतो. लासलगावचा कांद्याचा बाजार साऱ्या देशाला ठाऊक आहे. एके काळी शेतकरी तिथे बैलगाडीने कांदा नेत. आता ट्रॅक्टर आले, पिकअप गाड्या आल्या. गाडीची किंमत मोठी. ती बहुतेक जण कर्जाने घेतात. म्हणून गाडी नीट राखणे हे शेत राखण्याइतकेच महत्त्वाचे झाले आहे.

या धड्यात गाडीच्या एकाच भागाविषयी वाचू. तो भाग म्हणजे हौदा. माल भरतो तो हौदा.

तात्यांची गाडी

तात्या हे कांदा पिकवणारे शेतकरी. चार वर्षांपूर्वी त्यांनी हप्त्याने पिकअप घेतली. गाडी दारात आली. वहिनींनी ओवाळले. हार घातला.

तात्यांच्या मनात आले, पत्रा नवा आहे, मालाने घासला जाईल. त्यांनी बाजारातून जाड रबरी पट्टा आणला. हौद्याच्या तळाला अंथरला. हलू नये म्हणून तो स्क्रूने घट्ट आवळून टाकला. चार वर्षे तो पट्टा कोणी उचलला नाही. वरून हौदा छान दिसे.

यंदा एके दिवशी तात्या कांदा घेऊन बाजारात गेले. लिलाव झाला. कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर खाली करायचा होता. एक हमाल हौद्यात उभा राहून कांदा लोटत होता. फाळक्याजवळच्या कोपऱ्यात पट्टा संपत होता. तिथे त्याचा पाय पडला आणि पत्रा काडकन मोडला. पाय आत गेला. पत्र्याच्या धारेने पोटरी कापली.

त्याला दवाखान्यात नेले. टाके पडले. धनुर्वाताचे इंजेक्शन द्यावे लागले. आठ दिवस त्याची मजुरी बुडाली. तात्यांनी दवाखान्याचे पैसे दिले, बुडालेली मजुरीही दिली. पण पोटरीवरचा वण काही पैशाने जायचा नाही. तात्यांच्या मनाला ते फार लागले.

गाडीचे आठ हप्ते अजून बाकी होते. आणि हौदा कुजला होता.

पट्ट्याखाली काय होते?

दुसऱ्या दिवशी तात्या आणि त्यांचा पुतण्या गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीने स्क्रू काढले. पट्टा उचलला. खाली ओला चिखल होता. त्यात कांद्याची पात होती, खताचे दाणे होते. पत्र्याचे पापुद्रे सुटत होते. प्रत्येक स्क्रूच्या भोवती तांबडे कडे पडले होते.

तात्या म्हणाले, “मिस्त्री, मी तर पत्रा जपण्यासाठीच पट्टा टाकला होता. मग असं कसं झालं?”

मिस्त्री म्हणाला, “तात्या, पट्ट्यानं पत्रा घासण्यापासून वाचवला. पण पाण्यापासून नाही वाचवला. उलट पाणी धरून ठेवलं. वर ऊन पडलं तरी खाली ओलच. आणि स्क्रू मारले तिथं तुम्ही आपल्या हातानं रंग फोडलात.”

गंज कसा चढतो?

लोखंडाला गंज चढायला दोन गोष्टी लागतात. एक पाणी. दुसरी हवा. दोन्ही एकत्र भेटल्या की गंज सुरू होतो. मीठ मिळाले तर तो फार वेगाने वाढतो. आपण शेतात पोटॅश टाकतो. पोटॅश हेही एक प्रकारचे मीठच आहे. शेण, मूत, खारे पाणी, मासळीचे पाणी, हीसुद्धा गंजाला मदत करतात.

गंज हा लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. म्हणून रंगाखाली गंज धरला की रंग फुगतो. मग फुटतो. फुटीतून आणखी पाणी शिरते. गंज पसरत जातो.

यावरून एक गोष्ट कळते. पत्र्यावर काहीही लावा, ते पत्र्याला घट्ट चिकटले पाहिजे. मधे पाणी शिरता कामा नये. चिकटले तर ते राखण करते. सुटले तर तेच पाणी धरून ठेवते.

अस्तराचे प्रकार

सदऱ्याला अस्तर लावतात तसे हौद्यालाही लावतात. शहरात त्याला ‘लाइनर’ म्हणतात. अमेरिकेत पिकअप गाड्या पुष्कळ आहेत. तेथे ही चाल फार आहे. आता आपल्याकडेही ती येऊ लागली आहे. त्याचे मुख्य प्रकार असे :

1. अंथरायचे अस्तर. रबरी पट्टा किंवा प्लास्टिकचा साचा. हे सुटे असते. याने दणके बसत नाहीत. पण खाली पाणी साठते. म्हणून ते वरचेवर उचलावे लागते.

2. लोखंडी पत्र्याचे अस्तर. काही जण तळावर नक्षीचा जाड पत्रा ठोकतात. मजबूत वाटतो. पण 3 मिलिमीटर जाडीचा पत्रा तळभर टाकला तर त्याचे वजन 100 किलोहून जास्त होते. म्हणजे कांद्याच्या दोन गोण्या. प्रत्येक खेपेला दोन गोण्या माल कमी भरायचा. आणि दोन पत्र्यांच्या फटीत पाणी जातेच.

3. हाताने लावायचा लेप. हा डब्यात मिळतो. ब्रशाने किंवा रोलरने लावतात. दोन हात दिले तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास थर बसतो. साधा रेड ऑक्साइड आणि वर तैलरंग, हाही याच घरातला गरीब भाऊ.

4. फवाऱ्याचा लेप. हा कारखान्यात देतात. दोन औषधे यंत्रात तापवतात. मोठ्या दाबाने ती नळीच्या तोंडाशी एकत्र होतात आणि पत्र्यावर पडतात. थोड्याच वेळात थर घट्ट होतो. दोन-तीन मिलिमीटर जाडी मिळते. दगड, विटा, लोखंड वाहणाऱ्याला हा चांगला.

पहिले दोन प्रकार आपण बाजूला ठेवू. खरा प्रश्न पुढच्या दोहोंचा आहे. हाताने घरी लावावा, की कारखान्यात फवारून घ्यावा?

पुतण्याचे म्हणणे

पुतण्या म्हणाला, “तात्या, शहरात फवारून घेऊ. एकदाच खर्च. कटकट नाही.”

तात्या म्हणाले, “अरे, एवढे पैसे कुठून आणायचे? रंग लावायला काय लागतं? घराची दारं मीच रंगवली ना?”

मिस्त्री हसला. म्हणाला, “दोघांचंही अर्धं बरोबर आहे. लेप लावणं सोपं आहे. त्याआधीचं घासणं अवघड आहे. घासायचा कंटाळा असेल तर घरी करू नका. आणि कारखान्यात नेलं तरी तिथं नीट घासतात का, ते उभं राहून बघा. घाणीवर मारलेला महाग लेपसुद्धा पापडासारखा सुटतो.”

घरी करायचे असेल तर

तात्यांनी मिस्त्रीला कामाची रीत विचारली. त्याने सांगितली ती अशी.

पहिली पायरी : पत्रा पाहा. छोट्या हातोडीने हळूच ठोका. टणक आवाज आला तर पत्रा चांगला. बद्द आवाज आला किंवा पत्रा दबला तर तो कुजला. कुजलेल्या पत्र्यावर लेप देऊ नका. तो भाग कापून नवा पत्रा जोडून घ्या. हे काम वेल्डिंगवाल्याचे आहे. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढायला सांगा. नाही तर गाडीतील विजेचे भाग जळू शकतात. डिझेलची टाकी जवळ असते, तेही त्याच्या ध्यानात आणून द्या.

दुसरी पायरी : धुणे. साबणाच्या पाण्याने हौदा चोळून धुवा. कोपरे, सांधे, फाळक्याच्या बिजागऱ्या विसरू नका. तळाला पाणी जाण्याची भोके असतात. ती तारेने मोकळी करा. लेप देताना ती बुजू देऊ नका.

तिसरी पायरी : घासणे. गंज तारेच्या ब्रशाने खरवडा, पुढे पॉलिश पेपरने घासा. जिथे जुना रंग चांगला आहे तिथेही पेपर मारा. रंगाची चकाकी गेली पाहिजे. गुळगुळीत जागेवर लेप धरत नाही. डोळ्यांना चष्मा लावा. नाकाला फडके बांधा.

चौथी पायरी : तेलकटपणा काढणे. स्वच्छ फडके थिनरमध्ये बुडवून पत्रा पुसा. पेट्रोल वापरू नका. ते पटकन भडकते. थिनरसुद्धा भडकतो. जवळ विडी, चूल, दिवा नको.

पाचवी पायरी : पाण्याची परीक्षा. पत्र्यावर थोडे पाणी शिंपडा. पाणी सारखे पसरले तर पत्रा स्वच्छ. थेंब थेंब होऊन गोळा झाले तर तेल अजून आहे. पुन्हा पुसा. ही परीक्षा फुकट आहे, पण फार मोलाची आहे. नंतर पत्रा पूर्ण वाळू द्या.

सहावी पायरी : प्रायमर आणि लेप. उघड्या लोखंडावर लगेच प्रायमरचा हात द्या. रात्रभर उघडे ठेवले तर दवाने पुन्हा गंज धरतो. प्रायमर वाळला की लेपाचा पहिला हात. तो वाळला की दुसरा. घाई करू नका. दोन हातांत किती वेळ जाऊ द्यायचा, ते डब्यावर लिहिलेले असते. माल भरायला किती दिवस थांबायचे, तेही लिहिलेले असते.

हे काम पावसाळ्यात करू नये. हवा दमट असते. उन्हाळ्यात भर दुपारीही करू नये. पत्रा तापलेला असतो. लेप वरून वाळतो, आतून कच्चा राहतो. हिवाळा संपता संपता, दव उडाल्यावर, सावलीत आणि मोकळ्या हवेत करावे.

जिवाला जपा

पुतण्याने विचारले, “मिस्त्री, फवाऱ्याचं यंत्र भाड्यानं आणून घरीच मारलं तर?”

मिस्त्री गंभीर झाला. म्हणाला, “नको. ते औषध साधं नाही.”

फवाऱ्याच्या लेपात दोन औषधे असतात. त्यांपैकी एकात बहुधा ‘आयसोसायनेट’ नावाचे द्रव्य असते. फवारताना त्याचा बारीक धुरळा हवेत उडतो. तो छातीत गेला तर दमा जडू शकतो. एकदा जडला की पुढे त्याच्या थोड्याशा संसर्गानेही दम कोंडतो. नाकाला रुमाल बांधून हे थांबत नाही. चांगल्या कारखान्यात कामगाराला बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवतात. अंगभर कपडे व हातमोजे देतात. घराच्या पडवीत, गोठ्यात किंवा बंद खोलीत हे काम करणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. लेकरे तिथेच वावरतात. गुरे तिथेच बांधलेली असतात.

ब्रशाने लावायच्या काही लेपांतही हेच द्रव्य असते. मग ओळखायचे कसे? डबा वाचायचा. आपण वाचायला शिकलो ते याचसाठी. डब्यावर इंग्रजीत लिहिले असेल तर गावातल्या शाळेतल्या गुरुजींकडून किंवा शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या. लाज बाळगू नका. विकणारा म्हणतो म्हणून डबा घेऊ नका.

कारखान्यात करवून घ्यायचे असेल तर

पैसे देण्याआधी हे प्रश्न विचारा :

लेप देण्याआधी पत्रा कसा घासणार? मी उभा राहून पाहू का?
गंज असेल तर त्याचे काय करणार?
जाडी किती देणार? तळाला किती आणि बाजूंना किती?
पाण्याची भोके मोकळी ठेवणार ना?
गाडी किती दिवस ठेवावी लागेल?
हमी कशाची? लेप सुटला तर? खालून गंज आला तर?

तोंडी हमीला फार अर्थ नसतो. हमी कागदावर घ्या. कागद स्वतः वाचा, मग सही करा. पावती जपून ठेवा. गाडी नवी असेल तर विकणाऱ्यालाही विचारा, की अस्तर केल्याने गाडीच्या हमीला बाध येतो का.

हिशेब करून पाहू

स्वस्त काय आणि महाग काय, हे नुसत्या किमतीवरून कळत नाही. हिशेब मांडावा लागतो. खाली मांडलेले आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. तुम्ही आपल्या गावचे भाव घाला.

आधी हौदा मोजू. समजा, तळ 9 फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद आहे. बाजू दीड फूट उंच आहेत.

तळ : 9 × 5.5 = 49.5 चौरस फूट
दोन लांब बाजू : 9 × 1.5 × 2 = 27 चौरस फूट
पुढची बाजू व फाळका : 5.5 × 1.5 × 2 = 16.5 चौरस फूट
एकूण : 93 चौरस फूट

तळाच्या पत्र्याला पन्हळी असतात. म्हणून सामान थोडे जास्त धरा. डब्यावर लिहिलेले असते, की एका लिटरात किती जागा होते. त्यावरून किती डबे लागतील ते काढा.

आता खर्च. समजा, घरच्या कामाचे सामान 3,500 रुपयांचे. गाडी तीन दिवस उभी. गाडी रोज खर्च वजा जाता 1,000 रुपये मिळवते. तीन दिवसांचे 3,000 बुडाले. एकूण 6,500. हा लेप दोन वर्षे टिकला, तर वर्षाला 3,250 रुपये पडले.

समजा, कारखान्याचे 18,000 रुपये. गाडी दोन दिवस उभी. 2,000 बुडाले. एकूण 20,000. हा लेप आठ वर्षे टिकला, तर वर्षाला 2,500 रुपये पडले. म्हणजे महाग दिसणारे काम स्वस्त पडले!

पुतण्या खूश झाला. म्हणाला, “बघा, मी म्हणत होतो ना?”

मिस्त्री म्हणाला, “थांब. गाडी आठ वर्षं ठेवणार का? तीन वर्षांत विकली तर?”

तीन वर्षांत विकली तर 20,000 ला तीनने भागा. वर्षाला 6,667 रुपये पडतात. घरचा लेप तीन वर्षांत दोनदा द्यावा लागेल. 13,000 ला तीनने भागा. वर्षाला 4,333 पडतात. आता घरचा स्वस्त झाला.

इतक्यात वहिनींचा निरोप घेऊन तात्यांची मुलगी आली होती. ती नववीत शिकते. ती म्हणाली, “तात्या, कांदा संपल्यावर गाडी आपल्या दारात उभीच असते की. तेव्हा केलं तर दिवस कुठं बुडतात?”

सगळे चमकले. खरेच. गाडी रिकामी असताना काम केले तर बुडीत 3,000 धरायचे नाहीत. फक्त सामानाचे 3,500. दोन वर्षांना वाटले, तर वर्षाला 1,750 रुपये.

म्हणजे एकच उत्तर सर्वांना लागू पडत नाही. गाडी किती वर्षे ठेवायची, गाडी कधी रिकामी असते आणि आज हातात रोकड किती आहे, यावर उत्तर ठरते. लेपासाठी सावकाराकडून पैसे काढले तर व्याजही हिशेबात धरावे लागते.

तात्यांनी काय केले?

कुजलेला पत्रा मिस्त्रीने कापला आणि नवा जोडला. ते काम तात्यांनी घरी केले नाही. पुढे तात्या आणि पुतण्या दोन दिवस हौदा घासत बसले. हात दुखले. पाण्याची परीक्षा पहिल्या वेळी फसली. थेंब गोळा झाले. पुन्हा पुसले. मग प्रायमर दिला. ब्रशाने लेपाचे दोन हात दिले. डब्यावर लिहिले होते तितके दिवस गाडी उभी ठेवली.

रबरी पट्टा पुन्हा अंथरला, पण स्क्रू मारले नाहीत. दर पंधरा दिवसांनी पट्टा उचलून धुतात. हौदा वाळवतात. खत आणले तर त्याच दिवशी धुतात. लेपाला चीर दिसली तर तेवढी जागा घासून लगेच बुजवतात.

शेजारचे आप्पा विटा आणि खडी वाहतात. त्यांची गाडी बारा महिने चालते. त्यांनी शहरात फवारून घेतले. कागदावर हमी घेतली. त्यांचेही बरोबर आणि तात्यांचेही बरोबर. कारण दोघांनी आधी पत्रा पाहिला, माल पाहिला आणि मग हिशेब मांडला.

तो हमाल पुन्हा कामावर आला आहे. तात्यांच्या गाडीत चढताना तो आधी पायाने तळ दाबून बघतो. तात्या त्याला काही म्हणत नाहीत.

एवढे ध्यानात ठेवा

1. अस्तर चिकटले तर राखण करते, सुटले तर पाणी धरते.
2. कुजलेल्या पत्र्यावर लेप देऊ नये. आधी पत्रा बदलावा.
3. घासणे आणि वाळवणे हेच खरे काम. लेप देणे त्यानंतर.
4. फवाऱ्याचे दुहेरी औषध घरी मारू नये.
5. डबा वाचावा. हमीचा कागद वाचावा. मग पैसे द्यावे.

प्रश्न

1. तात्यांच्या हौद्याला पट्टा असूनही गंज का चढला?
2. पाण्याची परीक्षा कशी करतात?
3. तुमच्या गाडीचा किंवा ट्रॉलीचा हौदा मोजा. किती चौरस फूट भरला, ते वहीत लिहा.
4. तुमच्या गावचे भाव घालून दोन्ही कामांचा वर्षाचा खर्च काढा. तुम्हाला काय परवडते, ते वर्गात सांगा.